बाळाचं पाऊल जन्मतः वाकडं असेल तर: नोंदणी, कागदपत्रं, छोटी शस्त्रक्रिया आणि ब्रेस

पाऊल आत आणि खाली वळलेलं, टाच वर खेचलेली, हाताने सरळ करायला गेलं तर येतच नाही: अशा पायाला क्लबफूट म्हणतात. हजारात साधारण एका बाळाला हा दोष असतो. मुलांमध्ये तो मुलींच्या जवळजवळ दुप्पट दिसतो आणि साधारण निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. आईने ग्रहण पाळलं नाही किंवा विळीला हात लावला म्हणून हे होत नाही. घरात बाळंतिणीला कुणी असं बोलत असेल तर त्यांना तिथेच थांबवा. अपराधी वाटणारी आई बाळाचा पाय दुपट्यात झाकून ठेवते, आणि ज्या आठवड्यांत पाय सगळ्यात मऊ असतो ते हातचे जातात. मालिशने किंवा हाडवैद्याच्या ओढण्याने खरा क्लबफूट सरळ होत नाही. काही बाळांचं पाऊल पोटात दाबून बसल्यामुळे नुसतं कललेलं असतं, ते बोटाने हलकेच फिरवलं की मध्यावर येतं. हा फरक डॉक्टरांनीच बघायचा.

महाराष्ट्रात हा उपचार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या या कार्यक्रमातल्या जन्मजात दोषांच्या यादीत क्लबफूट आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शासकीय दवाखान्यात जन्मलेली बाळं, अंगणवाडीत नोंदलेली ६ वर्षांपर्यंतची मुलं आणि शासकीय व अनुदानित शाळांतली १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. खाजगी दवाखान्यात बाळंतपण झालं असलं तरी बाळाला थेट जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं.

कुठे जायचं

जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तिथे बोलताना सगळे त्याला डीईआयसी म्हणतात, तेच नाव विचारा. जन्मानंतर डॉक्टर किंवा सिस्टरनी दोष टिपला असेल तर त्यांच्याकडून संदर्भ चिठ्ठी घ्या. तेव्हा राहून गेलं असेल तर गृहभेटीला येणाऱ्या आशाताईंना पाय उघडा करून दाखवा. या भेटी बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत ठरलेल्या असतात. अंगणवाडीत तपासणी पथक वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट पाहत बसू नका. चिठ्ठी नसेल तरी केंद्रात जा. चिठ्ठीमुळे नोंद पटकन होते, पण ती नाही म्हणून बाळाला परत पाठवायचं कारण नाही.

हाडांच्या डॉक्टरांचा क्लबफूटचा वार बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. वार विचारूनच निघा, नाहीतर नुसता केसपेपर काढून परतावं लागतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, तिथे ठरलेलं शुल्क पडू शकतं. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय दवाखान्यात औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे, गाडीसाठी १०२ लावा. एसटीने जाणार असाल तर आईला अर्धं तिकीट आणि ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीटच नाही. दर आठवड्याला फेरी आहे, त्यामुळे हा हिशेब आधीच धरून ठेवा.

कागदं: आज काय, नंतर काय

पहिल्या प्लास्टरला बाळ, आईचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड एवढं पुरतं. सोबत एक चालू मोबाइल नंबर द्या, आणि तो शक्यतो आईचा असू द्या. पुढच्या तारखा, ब्रेस (प्लास्टरनंतर घालायचे, पट्टीला जोडलेले बूट) आल्याचा निरोप, सगळं त्याच नंबरवर येतं. वडील कामावर दुसऱ्या गावी असले आणि नंबर त्यांचा दिला असला की निरोप वाटेतच अडकतो.

बाकीची कागदं प्लास्टरच्या आठवड्यांत जमवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. बारसं व्हायचंय म्हणून कुणी थांबतं, तसं थांबायची गरज नाही. नावाशिवाय नोंद होते आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. नाव घातलेल्या दाखल्यावर बालआधार काढा. ५ वर्षांखाली बोटांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडिलांच्या आधारला जोडून ते मिळतं. मग तहसीलच्या पुरवठा शाखेत रेशनकार्डावर बाळाचं नाव चढवा. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक खिडकीवर मागचा कागद मागतात.

प्लास्टर आणि टाचेची शीर

उपचार पोन्सेटी पद्धतीने होतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू झाला तर उत्तम. उशीर झाला असला तरी जा, चालायला लागलेल्या मुलांवरही ही पद्धत चालते, फक्त प्लास्टर जास्त लागतात. दर आठवड्याला डॉक्टर पाऊल हळूहळू फिरवून बसवतात आणि प्लास्टर घालतात. साधारण ५ ते ६ प्लास्टर लागतात. प्लास्टर मांडीपासून बोटांपर्यंत आणि गुडघा ९० अंशांत वाकवून असायला हवं. गुडघ्याखालचं आखूड प्लास्टर घसरतं आणि पाऊल बाहेर वळलेलं धरून ठेवू शकत नाही. कुणी तसंच घालत असेल तर कारण विचारा, आणि पोन्सेटी पद्धतीचं क्लिनिक कुठे आहे ते केंद्रात विचारून घ्या.

फाइलमध्ये दर आठवड्याला पिरानी स्कोअर लिहून घ्या. त्यात ६ खुणा असतात, प्रत्येकीला ०, अर्धा किंवा १ गुण, एकूण ६. आकडा उतरत असेल तर पाय सुधारतोय. गाव किंवा डॉक्टर बदलावा लागला तर नव्या ठिकाणी हाच आकडा सगळ्यात आधी बघतात.

प्लास्टर घालताना बाळाला अंगावर पाजायला घ्या, ते शांत राहतं आणि डॉक्टरांना पाय नीट धरता येतो. घरी आल्यावर दिवसातून तीन-चार वेळा बोटं बघा. बोट दाबून सोडलं की पांढरं होऊन लगेच गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी-काळी किंवा सुजलेली दिसली, किंवा आधी दिसणारी बोटं प्लास्टरमध्ये आत गेली, तर पुढच्या वाराची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बोटं आत गेली म्हणजे प्लास्टर घसरलंय, आणि घसरलेलं प्लास्टर पायाला जखम करतं. प्लास्टर घरी भिजवून काढायला सांगितलं असेल तर ते दवाखान्याच्या दिवशी सकाळीच काढा. आदल्या रात्री काढलं तर तेवढ्या वेळात पाय थोडा मागे जातो.

शेवटी टाच वरच राहते, कारण टाचेमागची जाड शीर, अकिलिस (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी), आखूड असते. बहुतेक बाळांना ती सोडवावी लागते. जागा बधिर करून बारीक पात्याने, बाहेरूनच, काही मिनिटांत शीर छेदतात. टाकासुद्धा बहुधा लागत नाही. त्यावर ३ आठवड्यांचं प्लास्टर असतं, तेवढ्यात शीर लांब होऊन पुन्हा जुळते. ही शस्त्रक्रिया टाळून ब्रेस घातला तर टाच बुटात टेकतच नाही आणि पाय परत फिरतो. म्हणून 'काप द्यायचा' ऐकून मागे हटू नका.

या दिवशी संमतीपत्रावर आई किंवा वडिलांची सही लागते. आजी एकटी बाळाला घेऊन आली तर काम पुढच्या आठवड्यावर जातं, हे फार वेळा होतं. काही ठिकाणी पूर्ण भूल देतात, तिथे आईचं दूध साधारण ४ तास आधी बंद ठेवायला सांगतात. नेमकी वेळ आदल्या फेरीतच विचारून लिहून घ्या. आणि याच दिवशी ब्रेसचं माप देऊन मागणी नोंदवा. प्लास्टर उतरलं आणि ब्रेस आलाच नाही, असे दोन आठवडेसुद्धा सगळी मेहनत वाया घालवतात.

माहेर, सासर आणि ऊसतोड

पहिलं बाळंतपण माहेरी, रेशनकार्ड सासरचं, आणि सव्वा महिना झाला की निघायची घाई. प्लास्टर आणि शीर सोडवल्यानंतरचे ३ आठवडे धरले तर दोन ते अडीच महिने होतात. तेवढा काळ एकाच दवाखान्यात काढा, माहेरच्या जिल्ह्यातला असला तरी चालतो. निघताना पूर्ण फाइलची प्रत, पिरानी स्कोअर आणि ब्रेसच्या मापाची चिठ्ठी घ्या, आणि सासरच्या आशाताईंना आधीच कळवा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी दिवाळीच्या आधीची तारीख मागून घ्यावी. हंगामाच्या पाच-सहा महिन्यांत बाळाचा पाय बुटात मावेनासा होतो, म्हणून पुढच्या मापाचे बूट सोबत देता येतील का ते विचारा. कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या केंद्राचं नावही फाइलवर लिहून घ्या.

ब्रेसची वर्षं

पाय परत फिरतो तो बहुतेक वेळा ब्रेस सुटल्यामुळे. पट्टीला जोडलेले दोन बूट, मधलं अंतर बाळाच्या खांद्यांएवढं. दोष असलेला पाय साधारण ७० अंश बाहेर, चांगला पाय ४० अंश. पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, आंघोळीपुरता काढायचा. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, वयाच्या ४ वर्षांपर्यंत.

सुती मोजा घाला, टाच तळाला टेकलीय का बघा, आधी घोट्याजवळचा मधला पट्टा आवळा, मग बाकीचे. पट्टा सैल असला की पाय आत सरकतो आणि फोड येतात. लोक उलट समजतात आणि अजून सैल करतात. तेल-क्रीम लावू नका, त्याने कातडी नरम पडते. पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडतं. दोन्ही गुडघे एकत्र वाकवून-सरळ करून खेळवा, दोन्ही पाय बरोबर हलतात हे त्याला कळलं की ते स्थिरावतं. तपासणीची तारीख बाळ बरं दिसतंय म्हणून चुकवू नका, चालणारं पाऊलसुद्धा आत वळू लागतं.

मोठ्या शस्त्रक्रियेची मंजुरी

पाय परत आत वळू लागला तर आधी पुन्हा प्लास्टर घालून बघतात. साधारण अडीच-तीन वर्षांपुढे, चालताना पाऊल आतून उचललं जात असेल तर घोट्यासमोरची एक शीर पावलाच्या बाहेरच्या बाजूला हलवतात. उपचारच न झालेल्या मोठ्या मुलांमध्ये हाडांची शस्त्रक्रिया किंवा बाहेरून लावायची चौकट लागते. अशा चौकटींपैकी जेस ही मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी विकसित केलेली आहे.

यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वापरा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. संलग्न रुग्णालयात अस्थिरोग विभाग योजनेत आहे का ते आधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर विचारा. तिथे आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) रेशनकार्ड आणि आधार द्या. बाळाचं नाव कार्डावर नसेल तर जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो द्या. डॉक्टर एक्स-रे आणि पायाचे फोटो जोडून पूर्वपरवानगी मागतात, ती आल्यावर दाखल करतात. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार आणि रेशनकार्डावरची नावं जुळत नाहीत, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.

मंजूर उपचारासाठी दवाखान्याने सळ्या, चौकट किंवा औषधांचे पैसे मागू नयेत. मागितले तर त्याच नंबरवर, दाखल असतानाच कळवा. योजनेतला पाठपुरावा सुटी झाल्यापासून १० दिवसांचा असतो. त्यापुढचं प्लास्टर आणि ब्रेस यासाठी जिल्हा केंद्रातली नोंद चालू राहायला हवी, म्हणून ती बंद करू नका.

जवळ संलग्न रुग्णालय नसेल तर धर्मादाय रुग्णालयाचा मार्ग आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत १० टक्के सवलतीत ठेवायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना दाखल होण्याआधीच भेटा. बिल झाल्यावर सवलत मिळवणं फार जड जातं.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी प्लास्टरच्या काळात धावपळ करायची गरज नाही. सुधारणारा पाय असेल तर तपासणारं वैद्यकीय मंडळ फार तर तात्पुरतं प्रमाणपत्र देतं. उपचारानंतरही पाऊल ताठ राहिलं, चालण्यात अडचण उरली, तर यूडीआयडी पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी घ्या. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व लागतं, आणि तेव्हा पहिल्या प्लास्टरपासूनची फाइल सोबत न्या.