बुलिमिया नर्व्होसा

बुलिमिया नर्व्होसा हा खाण्याशी निगडित मानसिक आजार आहे. थोड्या वेळात, हात आवरत नाही अशा अवस्थेत, खूप खाल्लं जातं. मग वजनाच्या धास्तीने मुद्दाम उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास किंवा बेसुमार व्यायाम सुरू होतो. दोन्ही गोष्टी आठवड्यातून सरासरी एकदा, ३ महिने घडत असतील तर निदान केलं जातं. ‘बुलिमिया’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘बैलाची भूक’. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचं स्वतंत्र वर्णन केलं.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत हा आजार ‘पित्त’ या नावाखाली सहज दडतो. जेवून उठल्याबरोबर मोरीचं दार लागतं, नळ मोठा सोडलेला असतो. बाहेर आल्यावर ‘पित्त उसळलं’ एवढंच उत्तर. संकष्टी, गुरुवार, एकादशी असे उपास वाढत गेले की उलट कौतुक होतं. उपास हा आजार नव्हे. पण रात्री सगळे निजल्यावर डबे एकटीनेच रिकामे होत असतील तर लक्ष द्यायला हवं. वजन बहुधा बेताचंच असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. मुलग्यांनाही हा आजार होतो.

कानाखालच्या लाळग्रंथी सुजून गाल भरल्यासारखे दिसतात. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू उलटीतल्या आम्लाने झिजते. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर मऊ पडलेलं आवरण आणखी खरवडतं. पाण्याने खळखळून चुळा भराव्यात, ब्रश तासाभराने करावा.

खरा धोका रक्तातलं पोटॅशियम घटण्याचा. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत इलेक्ट्रोलाइट (रक्तातल्या क्षारांची तपासणी) आणि ईसीजी करून घ्यावेत. चक्कर, धडधड, पायात गोळे, उलटीत रक्त यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. जुलाबाच्या गोळ्यांनी मुख्यतः पाणी आणि क्षार जातात. अन्नातली ऊर्जा लहान आतड्यात आधीच शोषलेली असते.

खाण्याचे आणखी दोन आजार याच्याशी गल्लत होण्यासारखे आहेत. अॅनोरेक्सियात वजन धोकादायक उतरतं. बिंज ईटिंगमध्ये अतिखाणं असतं, पण त्यानंतर उलटी-उपासाचा नेम नसतो.

उपचाराचा गाभा म्हणजे विचार व वर्तन बदलणारी समुपदेशन पद्धत, साधारण २० आठवड्यांत २० बैठका. तिची पहिली पायरी म्हणजे ३ जेवणं, २-३ वेळा थोडं खाणं आणि मध्ये ४ तासांहून मोठी फट नाही. दिवसभर पोट मारलं की रात्री भूक उसळते, चक्र तिथूनच फिरतं. म्हणून डब्यांना कुलपं लावणं हमखास उलटतं. फ्लुओक्सेटिन हे औषध इथे नैराश्याच्या नेहमीच्या २० ऐवजी ६० मिलिग्रॅमपर्यंत लागतं, अर्थात डॉक्टरांच्याच देखरेखीत.

‘पित्त’ हा शब्द कन्नडमध्येही तोच, त्यामुळे कन्नड डॉक्टरांपुढे तो उच्चारला की आम्लपित्ताची गोळी मिळण्याचीच शक्यता जास्त. ‘जेवल्यावर मुद्दाम वांती काढते’ असं स्पष्ट सांगावं; वांती दोन्हीकडे समजते. बेळगावच्या जिल्हा इस्पितळात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत, चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येतं.

घरच्यांनी ‘जाडी झालीस’, ‘वाळलीस’ हे दोन्ही शब्द सोडावेत. जेवणानंतर तासभर सोबत बसावं, मेथी निवडत का होईना. याच तासात उलटीची ओढ सगळ्यात जोरात असते.