स्पॅनिशमध्ये मॅन्युअल हवंय? आधी देश सांगा

"पंपाचं मॅन्युअल इंग्लिशमधून स्पॅनिश करायचंय, पानाला किती घेता?" असा फोन आला की रेट सांगायच्या आधी आम्ही विचारतो, माल चाललाय कुठे? स्पेन, मेक्सिको की अर्जेंटिना? कारण पुस्तकातलं स्पॅनिश सगळीकडे बरंचसं सारखं असलं तरी वर्कशॉपमधलं नसतं.

साधं बॉल बेअरिंग घ्या. स्पेनमध्ये रोदामिएन्तो, मेक्सिकोतला फिटर त्यालाच बालेरो म्हणतो आणि अर्जेंटिनात रुलेमान. आत बॉल-रोलर काही नसलेलं साधं बेअरिंग असेल तर शब्दच वेगळा, कोहिनेते, म्हणून पार्ट लिस्टमध्ये नुसतं 'बेअरिंग' दिसलं की आम्ही ड्रॉइंग मागतोच, कृपया कंटाळू नका. वॉशरचंही तेच, स्पेनमध्ये आरांदेला, मेक्सिकोत रोंदाना.

पंपवाल्यांनी 'हेड'कडे, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो त्या आकड्याकडे, नीट बघावं. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका मॅन्युअलमध्ये सगळीकडे 'काबेसा' होतं, म्हणजे धडावरचं डोकं, आणि मेकॅनिकल सीलच्या (पंपातली गळती रोखणाऱ्या पार्टच्या) जागी 'फोका', म्हणजे समुद्रातला सील प्राणी! शब्दकोशात हे अर्थ आहेतच, पण ज्याने पंप एकदा तरी उघडून पाहिलाय तो असं लिहिणार नाही. हेडला स्पेनमध्ये आल्तुरा म्हणजे उंची, मेक्सिकोत बहुतेक कार्गा. समोरचा इंजिनिअर हेडचा आकडा बघूनच पंप निवडतो, त्यामुळे तिथे चूक झाली तर पुढची बोलणीच अडतात.

आणि आकडे, हे तर आम्ही प्रत्येकाला सांगतो. मेक्सिकोत दशांशाला आपल्यासारखाच पॉइंट चालतो पण स्पेन, अर्जेंटिनात स्वल्पविराम, आणि तिथे पॉइंट हजाराच्या जागी टाकायची जुनी सवय आहे, म्हणजे तुमच्या ड्रॉइंगवरची १.२५० मिमीची शिम (फटीत बसवायची पातळ चकती) तिथला माणूस साडेबाराशे मिमी वाचू शकतो. म्हणून आम्ही टेबलमधला एकेक आकडा हाताने तपासतो, त्याला वेळ लागतो आणि तो आम्ही कमी करत नाही.

काम देताना पीडीएफसोबत ड्रॉइंग, पार्टचे फोटो आणि जुनं भाषांतर असेल तर तेही पाठवा, कसंही असलं तरी चालेल. आम्ही आधी नेहमी लागणाऱ्या शब्दांची यादी करून देतो, ती तुमच्या तिकडच्या डीलरला दाखवा, त्याच्या मेकॅनिकच्या तोंडात जो शब्द असेल तोच आम्ही ठेवतो. यादी ओके झाली की पहिलं पान सुरू.