सांध्याचा इतिहास: घरी बनवलेल्या फिशटँकची पार्श्वभूमी

पाच काचा, सिलिकॉनची एक नळी, टेप आणि एक मोकळी दुपार. दोन फुटी फिशटँक घरी जोडायला आज एवढं पुरतं. नाक्यावरचा काचवाला हिरकणीने मापात काच कापून देतो, कडा घासून देतो, आणि गुण्या लावून कोपरे जुळवता आले की अर्धं काम झालं. इतकं सोपं हे कधीपासून झालं? फार तर साठ वर्षं. त्याआधीची शंभरेक वर्षं टँक बनवणाऱ्यांचं डोकं एकाच जागी खर्च होत होतं: दोन काचा जिथे भेटतात तो सांधा.

मासे पाळणं त्याहून फार जुनं आहे. चीनमध्ये सोनेरी मासे सोंग राजवटीत तळ्यांमध्ये होते, मिंग काळात ते घरातल्या भांड्यांत आले. पण भांडं मातीचं किंवा चिनीमातीचं, त्यामुळे मासा दिसायचा तो वरून, पाठीकडून. आजही कित्येक जातींचं खरं रूप वरूनच खुलतं असं जुने शौकीन सांगतात. बाजूने पाहायची हौस मात्र काचेशिवाय भागत नाही. फुंकून केलेली गोल हंडी हा एक मार्ग होता, पण तिच्यात मासा कधी बोटाएवढा तर कधी हाताएवढा दिसतो. खरं दिसायला सपाट काच हवी, आणि सपाट काच म्हटली की कोपरे आलेच.

पहिली नोंदलेली काचपेटी कुठल्या कारखान्यात बनली नाही. झान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रान्समधल्या एका चांभाराची मुलगी. पॅरिसला जाऊन ती शिवण-भरतकाम करू लागली, १८१६ साली एका राजघराण्यातल्या लग्नाचा पोशाख तिने भरला, आणि पुढे लग्न होऊन सिसिलीतल्या मेसिनाला राहायला गेली. तिथे तिला एका प्रश्नाने पछाडलं. अर्गोनॉट नावाचा, ऑक्टोपसच्या कुळातला एक प्राणी कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहतो. हा शिंपला त्याचा स्वतःचा की शंखातल्या खेकड्यासारखा दुसऱ्याचा बळकावलेला? मेलेल्या नमुन्यांवर वाद घालणाऱ्या विद्वानांना उत्तर मिळत नव्हतं. हिने १८३२ साली काचेच्या पेट्या करून घेतल्या, जिवंत अर्गोनॉट त्यांत ठेवले, शिंपल्याचा तुकडा मोडून पाहिला आणि प्राणी तो स्वतः दुरुस्त करतो हे दाखवून दिलं. घरात ठेवायची पेटी, उथळ पाण्यात बुडवायची पेटी आणि समुद्रात नांगरून ठेवायचा पिंजरा असे तीन प्रकार तिने केले होते. म्हणजे फिशटँक जन्मला तोच घरगुती, आणि तोही शोभेसाठी नव्हे.

लंडनमधल्या ॲना थिन या बाईंची गोष्ट मला याहून प्रिय आहे. १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर त्यांना जिवंत प्रवाळ सापडले आणि त्या ते लंडनला घेऊन आल्या. समुद्राचं पाणी शहरात रोज कुठून आणणार? मग तेच पाणी पुन्हा वापरायचं ठरलं, आणि ते ताजं राहावं म्हणून मोलकरणीने रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभं राहून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं. आपण ज्याला ‘ऑक्सिजनची मोटर’ म्हणतो (ती ऑक्सिजन बनवत नाही, हवा ढकलते, पण नाव पडलं ते पडलं) तिची ही पूर्वज. त्या मोलकरणीचं नाव मात्र या गोष्टीत सहसा येत नाही. पुढे बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती टाकल्या आणि त्या प्राणवायू देऊ लागल्यावर ओतण्याचा खटाटोप कमी झाला.

हीच गोष्ट गोड्या पाण्यात पद्धतशीर मांडली ती रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनतज्ज्ञाने, १८५० साली. दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरियाची लांब पट्टीसारखी रोपं एवढ्यावर त्याने सुरुवात केली. रोपांची पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्या कुजकं खातात, रोपं प्राणवायू देतात, मासे श्वास घेतात, आणि गोगलगाईची अंडी माशांच्या पोटात जातात. हिशेब इतका नेटका होता की पुढची कितीतरी वर्षं ‘समतोल टँक’ हे हौशी लोकांचं ब्रीदवाक्य झालं. त्यातली चूक पुढे येईलच.

या सुमारास इंग्लंडमध्ये काचही स्वस्त झाली होती. शंभर वर्षं काचेवर वजनाप्रमाणे कर होता. तो १८४५ साली उठला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं. त्यामागचा माणूस निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द या अर्थाने त्याच्याच १८५४च्या पुस्तकामुळे घरोघरी पोचला. मग असं वेड लागलं की सुट्टीला आलेली माणसं हातोडी-छिन्नी घेऊन किनाऱ्यावरचे खडक सोलू लागली. खडकांमधली डबकी ओकीबोकी झाली, आणि आपल्या बापाच्या पुस्तकांनी हे ओढवलं याची खंत गॉसच्या मुलाने पुढे लिहून ठेवली आहे.

घरोघर टँक आले तसा सांध्याचा छळ सुरू झाला. त्या काळचा टँक म्हणजे बिडाची किंवा लोखंडाची चौकट, तळाला पाटीच्या दगडाची फरशी, आणि खाचेत बसवलेल्या काचा. उष्ण देशातले मासे ठेवायचे तर त्या दगडाखाली गॅसची किंवा स्पिरिटची ज्योत. (कोकणातल्या माणसाला या भानगडीची गरज कधीच नव्हती. पुण्या-नाशकाला थंडीत हीटर लागतो तेवढाच.) खाचेत भरायच्या मसाल्याच्या कृती छापील स्वरूपात फिरत. त्यातली एक फार गाजलेली: मुरदाडशिंग, प्लास्टर ऑफ पॅरिस आणि बारीक पांढरी वाळू समभाग, त्याच्या तिसरा हिस्सा कुटलेली राळ, आणि हे सगळं बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, मळायचं. मुरदाडशिंग म्हणजे शिशाची भस्म झालेली राख. शिसं माशांना विषारी, म्हणून टँक भरून ठेवायचा, पाणी काढून टाकायचं, पुन्हा भरायचा, असं बरेच दिवस चाले. कुणी सुतार याच कामाला शेंदूर वापरी. तोही शिशाचाच.

या जुन्या सांध्याचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. काच चौकटीच्या आतून बसते, त्यामुळे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरतं. मधला मसाला, म्हणजे लांबी, त्या दाबाने घट्ट होतो. टँक भरलेला असेल तोवर बरा. रिकामा करून माळ्यावर टाकला की तेल सुकून लांबी आकसते, तडकते, आणि पुढच्या वर्षी पाणी भरताच कोपऱ्यातून धार लागते. भरलेला टँक दोघांनी उचलून हलवला तरी चौकट पिळवटून तेच. लांबी ताणली जात नाही, ती फक्त दाबली जाते. शंभर वर्षं या एका मर्यादेपाशी सगळे अडले.

आपल्याकडे मोठी मत्स्यालयं आधी आली, घरचे टँक मागाहून. मद्रासच्या मरिना किनाऱ्यावर १९०९ साली तिथल्या संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांच्या पुढाकाराने मत्स्यालय उघडलं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते १९५१ मध्ये. त्याचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केलं, आणि देणगी दिलेल्या पारशी गृहस्थांचं नाव त्याला मिळालं. शाळेच्या सहली, सुट्टीत मुंबईला आलेले पाहुणे, सगळ्यांची तिथे फेरी ठरलेली. गावी परतलेल्या किती पोरांनी आईची बरणी पळवली असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. याच मत्स्यालयाचे अभिरक्षक राहिलेले बी. एफ. छापगर यांनी एका सहकाऱ्यासह १९९२ साली गोव्याकडच्या एका चिमुकल्या माशाची नवी जात नोंदवली, आणि मुंबई राज्याचे पहिले मत्स्यसंचालक सेटना यांच्यावरून तिचं नाव ठेवलं. पेथिया सेटनाई. तांबूस अंगावर काळे पट्टे असलेला हा मासा आज शोभेच्या माशांच्या व्यापारातही आहे.

बरणीत काय असे? बहुधा गप्पी. नाव गप्पांवरून पडलेलं नाही. त्रिनिदादच्या लेचमीअर गप्पी यांनी नमुने लंडनला पाठवले आणि १८६६ साली तिथे त्यांचं नाव माशाला दिलं गेलं. त्याआधीच दुसऱ्या एकाने या माशाचं वर्णन केलेलं निघाल्यामुळे शास्त्रीय नावातून ते उडालं, बोलण्यात मात्र टिकलं. आपल्याकडे हा मासा आला डासांच्या अळ्या खाण्यासाठी, आणि आरोग्य खातं आजही तो हौदांत, डबक्यांत सोडतं. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. त्यामुळे चार गप्पी आणले की महिन्या-दोन महिन्यांत बरणी अपुरी पडते, आणि टँक बनवायचे बेत सुरू होतात.

आमच्या लहानपणी तो बेत वेल्डरच्या दुकानात नेई. लोखंडी अँगलची चौकट, तिला रंगाचे दोन हात, आणि खडूची पूड बेलतेलात मळून केलेली लांबी. आमचा पहिला टँक शेजारच्या काकांनी असाच करून दिला होता. तो गळायचा, पण थोडा. खाली ताटली ठेवलेली असायची आणि रोज सकाळी ती रिकामी करणं हे माझं काम होतं. वर्षभरात अँगल गंजून पाण्यात तांबडे ओघळ उतरले, तेव्हा आईने त्यात तुळस लावली. काचेच्या बाबतीत महाराष्ट्र तसा मागे नव्हता. पैसा फंडाचा तळेगावचा कारखाना १९०८चा, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरोघरी होता. पण ती फुंकलेली, साच्यातली काच. सपाट, दोन्ही अंगांनी लखलखीत काच स्वस्त व्हायला वितळलेल्या कथलावर काच तरंगवण्याची पिल्किंग्टन या इंग्लिश कंपनीची रीत यावी लागली. ती १९५९ साली जाहीर झाली. तळोज्याला अशी काच १९९०च्या दशकात बनू लागली.

खरी कलाटणी दिली सिलिकॉनने. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या चिकट, रबरी पदार्थांचा अभ्यास केला आणि नावही त्यानेच दिलं. उभं आयुष्य त्यात घालवून १९३०च्या दशकात त्याने निदान असं केलं की व्यवहारात यातून फारसं काही निघण्याची आशा दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सिलिकॉनचे कारखाने निघाले, आणि १९६०च्या दशकात कुणीतरी दोन काचा त्याने चिकटवून चौकट फेकून दिली. सिलिकॉन काचेला धरतं कारण दोघांच्या घडणीत सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि प्राणवायू यांची तीच साखळी आहे. आणि ते ताणलं जातं. लांबीला जे जमत नव्हतं ते नेमकं हेच.

तेव्हापासून सांधा कुणालाही जमण्यासारखा झाला आणि चुका दुसरीकडे सरकल्या. सगळ्यात जास्त चुका उंचीत होतात. काचेवरचा दाब पाणी किती लिटर आहे यावर ठरत नाही, किती खोल आहे यावर ठरतो. ९० सेंटिमीटर लांबीच्या टँकमध्ये ३० सेंटिमीटर पाणी असेल तर पुढच्या काचेवर सुमारे ४० किलोचा रेटा येतो. तेच पाणी ४५ सेंटिमीटर केलं की रेटा ९० किलोच्या वर जातो. उंची दीडपट, जोर सव्वादोन पट. म्हणून दुकानदार दोन बाय एक बाय एकला ‘पाच एमएम चालेल’ म्हणतो आणि दीड फूट उंची मागितली की लगेच आठवर येतो. दोन फुटीत ५०-५५ लिटर पाणी बसतं. काच, गोटे धरून ते पाऊणशे किलोच्या घरात जातं, आणि हे वजन आपण टीव्हीच्या जुन्या स्टँडवर ठेवायला निघतो. खालचं थर्माकोल मऊपणासाठी नसतं. स्टँडवर एखादा खडा किंवा उंचवटा राहिला तर सगळं वजन तेवढ्या टिंबावर येऊन तळकाच तडकते, ते टाळण्यासाठी असतं.

आता वॉरिंग्टनची चूक. रोपं, मासे आणि गोगलगाई एवढ्यानेच समतोल साधतो असं त्याचं गणित होतं. पण माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, आणि तो थोडासाही जीवघेणा. त्याचं पुढे रूपांतर करणारे सूक्ष्मजीव असतात हे १८७७ साली फ्रान्समध्ये सांडपाण्यावरच्या प्रयोगात दिसलं, आणि १८९०च्या आसपास विनोग्रॅड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ते वेगळे काढले. टँकवाल्यांपर्यंत ही गोष्ट पोचायला पुढची पन्नास-साठ वर्षं गेली. गोट्यांखालून पाणी ओढणारी जाळी १९५०च्या दशकात रूढ झाली ती याच समजुतीतून. गोट्यांवर वाढलेला बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे, याच जिवाणूंची वस्ती. दर आठवड्याला टँक रिकामा करून गोटे साबणाने घासणारी आमची पिढी मासे का मरतात म्हणून हळहळत होती, आणि मारत होतो आम्हीच. नव्या टँकमध्ये हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एक-दोन काटक मासे, बेताचं खाणं आणि थोडं थोडं पाणी बदलणं, एवढंच.

पण ते पुढचं. आधी सांधा वाळायला हवा. टँकला लागणारं सिलिकॉन हवेतला दमटपणा पिऊन घट्ट होतं आणि होताना ॲसेटिक आम्ल सोडतं, म्हणून व्हिनेगरसारखा वास येतो. न्हाणीघरासाठी म्हणून मिळणाऱ्या नळीत बुरशीनाशक असतं, ती घ्यायची नाही. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन दिवस, पावसाळ्याबाहेर जाड सांध्याला आठवडाही, पाणी भरायचं नाही. मग टँकखाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं, काठोकाठ पाणी भरायचं आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी कागद कोरडा असेल तर गोटे धुवायला घ्यायचे.