मिसिंग कुठल्या सिलिंडरचं, हे इंजिनच सांगतं

सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मोंढ्यात, हळदीच्या दिवसांत वसमतच्या बाजारात जुन्या पिकअपची रांग लागते. त्यातल्या काही गाड्या उभ्या जागी थरथरत असतात. रेस दिली की आवाज सरळ होतो, पाय काढला की पुन्हा मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट जोर देत नाही. मालक मिस्त्रीकडे जातो आणि बऱ्याचदा एकच निदान ऐकून येतो: इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) गेले, चारही बदला. कॉमन रेल डिझेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबनळीतून (रेलमधून) डिझेल पुरवणाऱ्या इंजिनच्या, चार नव्या इंजेक्टरांचा खर्च छोट्या वाहतूकदाराचं कंबरडं मोडतो. आणि चारांपैकी खराब कोणता, मुळात दोष इंजेक्टरचाच आहे का, हे खिशात हात घालण्याआधी कळू शकतं.

जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून बघत. नट सैल करूनही आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर काम करत नाही. तर्क अगदी बरोबर. पण कॉमन रेलवर हे कधीही करू नका. स्लो रेसलासुद्धा, म्हणजे पाय काढून गाडी उभी असतानाही, तिच्या रेलमध्ये साधारण 250 ते 350 बार दाब असतो, पूर्ण जोर लागला की 1,300 ते 1,600 बारपर्यंत जातो. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब 1 बार! सैल नटातून सुटलेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. बाहेर जखम टोचल्याएवढी दिसते, पण आतलं मांस मरत जातं. लगेच शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही जातो.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येतो. इंजिन फक्त स्लोला का थरथरतं?

एक कारण डिझेलच्या मात्रेत आहे. अडीच लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात स्लो रेसला एका वेळी सिलिंडरमध्ये पडणारं डिझेल असतं 5 ते 10 घन मिलिमीटर. औषधाच्या ड्रॉपरचा एक थेंब साधारण 50 घन मिलिमीटरचा, म्हणजे त्या एका थेंबात पाच ते दहा वेळचं डिझेल. इतक्या कमी मात्रेत 2 घन मिलिमीटरची चूक फार मोठी. पूर्ण जोरात मात्रा कितीतरी वाढते, तेव्हा तीच चूक झाकली जाते.

दुसरं कारण फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनला जोडलेल्या जड चाकाचं. फिरणाऱ्या चाकातली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे शाळेत शिकलेलं सूत्र. 800 आरपीएमवरून 2,400 वर गेलं की वेग तिप्पट, साठलेली ऊर्जा नऊपट. एका सिलिंडरने जोर कमी दिला तर तेवढी ऊर्जा या साठ्यातून वजा होते. साठा नऊपट असेल, तर वेगात टक्केवारीने पडणारी घट जवळपास नऊ पटींनी कमी. म्हणून रेस दिल्यावर मिसिंग गेल्यासारखं वाटतं. दोष तिथेच असतो.

हाच वेगातला चढउतार इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीएम, मोजत असतो. क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, एक दातेरी चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ते 60 दात्यांचं, त्यातले 2 दाते मुद्दाम गाळलेले. त्या मोकळ्या जागेवरून संगणकाला क्रँकची जागा कळते. एक दाता म्हणजे 6 अंश. 800 आरपीएमला एक दाता सेन्सरसमोरून सरकायला सव्वा मिलिसेकंद लागतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर 180 अंशांनी एक स्फोट होतो. स्फोट झाला की दाते थोडे भराभर सरकतात, पुढच्या सिलिंडरची हवा दाबताना पुन्हा रेंगाळतात. ज्या सिलिंडरचा जोर कमी, त्याच्या पाळीला दाते रेंगाळलेलेच राहतात. आणि हे संगणक सेकंदाला 26-27 स्फोटांसाठी तपासत असतो. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते: एक चाक, एक सेन्सर, आणि चारही सिलिंडरांचा वेगवेगळा हिशेब.

मोजून तो थांबत नाही. अशक्त सिलिंडरला डिझेल थोडं वाढवून देतो, जोरदार असलेल्याचं कमी करतो. ही दुरुस्ती स्कॅनरवर, म्हणजे ईसीएममधली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर, आकड्यांत दिसते. समजा +2.8, −0.9, −1.0, −0.9 असे आकडे आले, तर पहिला सिलिंडर मागे पडतो आहे. फार मोठा ऋण आकडा आला, तर तो इंजेक्टर गरजेपेक्षा जास्त डिझेल सोडत असावा. चारही आकडे शून्याजवळ आणि तरी केबिन हलत असेल, तर इंजेक्टरला हात लावू नका. इंजिनचे फाउंडेशन रबर, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप), डिझेल लाइनमध्ये शिरणारी हवा, हे आधी बघा.

इंजेक्टरवर संशय असेल, तर रिटर्नची चाचणी करावी. इंजेक्टरच्या सुईच्या वर दाबाखालचं डिझेल असतं. कॉइलला वीज मिळाली की छोटा व्हॉल्व्ह उघडतो, वरचं डिझेल रिटर्नला जातं, वरचा दाब उतरतो आणि खालच्या दाबाने सुई उचलली जाते. आतल्या भागांमधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-चार पट असते. धूळ, पाणी, रॉकेलची भेसळ यांनी ती झिजली की डिझेल रिटर्नला वाहतं. चारही रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालवा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा दुपटी-तिपटीने भरली, तर दोषी इंजेक्टर सापडला. खर्च जवळजवळ शून्य.

आपल्याकडे मिसिंग सुरू झालं की बंपरला नवं लिंबू-मिरची लागतं, नाहीतर टाकीत 'इंजेक्टर साफ' करणारी बाटली ओतली जाते. लिंबाने रेलचा दाब वाढत नाही आणि झिजलेलं पोलाद कुठल्याही द्रवाने परत भरून येत नाही. त्या पैशांत डिझेल फिल्टर बदला आणि त्याच्या तळाचं पाणी काढा. कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांनी तर नक्कीच.

स्कॅनरचा आकडा सिलिंडर अशक्त आहे एवढंच सांगतो, कशाने ते सांगत नाही. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे इंजेक्टर अदलाबदल करून बघावेत. नवे तांब्याचे वॉशर लावावेत, इंजेक्टरवर छापलेला कोड असेल तर तोही नव्या जागेनुसार संगणकात भरावा. कोड न बदलता केलेली चाचणी फसवते. मोठा आकडा इंजेक्टरबरोबर तिसऱ्यावर गेला, तर इंजेक्टर बदला, तोही एकच. आकडा पहिल्यावरच राहिला, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का, ते तपासा. त्यासाठी हेड खोलायची घाई नको. इंजेक्शन बंद ठेवून स्टार्टर मारा आणि स्टार्टरच्या जाड वायरला क्लॅम्प लावून करंटचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर बघा. प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना स्टार्टर जास्त करंट ओढतो, त्यामुळे आलेखात चार उंचवटे एकसारखे यायला हवेत. एक उंचवटा ठेंगणा असेल, तर त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड गॅस्केट गळत आहे.