रेंज फुल, नेट गूल : मोकळ्या मैदानातल्या वाय-फायची पार्श्वभूमी

अनंत चतुर्दशीला पुण्यात लक्ष्मी रोडवर उभं राहून घरी फोटो पाठवायचा प्रयत्न ज्यांनी केलाय, त्यांना हे नवीन नाही. रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि फोटोवरचं ते चक्र नुसतं फिरत राहतं. आषाढीला पंढरपुरात तेच, मोठ्या सभेच्या मैदानावर तेच. आपण म्हणतो, "नेट स्लो आहे." खरं तर बहुतेक वेळा तुमच्या फोनची बोलायची पाळीच आलेली नसते.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरेल. इतक्या माणसांना उघड्यावर नेट कसं पुरवायचं हा प्रश्न त्या निमित्ताने पुन्हा समोर येणार, आणि उत्तर म्हणून "जास्त पॉवरची यंत्रं लावा" असं कुणीतरी सुचवणारच. हे उत्तर चुकीचं का, ते कळायला पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात हवाई बेटांवर झाली. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना निरनिराळ्या बेटांवरची टर्मिनलं ओआहू बेटावरच्या मुख्य संगणकाला जोडायची होती. मध्ये समुद्र, म्हणून रेडिओ. १९७१ च्या जूनमध्ये 'अलोहानेट' सुरू झालं. त्याचा नियम अगदी साधा होता: सांगायचं असेल तेव्हा सांगून टाका, दोघं एकदम बोलले आणि निरोप बिघडला, तर थोडं थांबून पुन्हा सांगा. किती थांबायचं ते ज्याचं त्याने अंदाजाने ठरवायचं, म्हणजे परत एकदम टक्कर होत नाही. माणसं थोडी असताना हे छान चालतं. पण गणित केलं तेव्हा दिसलं की या पद्धतीत हवेची जास्तीत जास्त १८ टक्केच क्षमता कामी येते. त्यापुढे बोलणारे वाढले की टकरा वाढतात, टकरांमुळे तेच निरोप पुन्हा पुन्हा पाठवले जातात, आणि प्रत्यक्ष पोचणारं बोलणं उलट कमी होत जातं. ज्याला आपण 'गर्दीत नेट बसलं' म्हणतो, त्याचं पहिलं गणित हे. आजही मोबाइलचा टॉवर प्रत्येक फोनला पाळी वाटून देतो खरा, पण ती पाळी मागायला फोनने मारलेली पहिली हाक अलोहाच्याच रीतीची असते. लक्ष्मी रोडवर आपला फोन अडकतो, तो पुष्कळदा या पहिल्या हाकेपाशीच.

पुढची गोष्ट कायद्याची. १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, काही रेडिओ लहरी विनापरवाना संदेशवहनासाठी मोकळ्या केल्या. त्यातली २.४ गिगाहर्ट्झची पट्टी मायक्रोवेव्ह ओव्हनच्या गोंगाटाची, त्यामुळे फारशी कुणाला नकोच होती. नेदरलँड्समधल्या निउवेखाइन इथे एनसीआर कंपनीच्या लोकांनी मोकळ्या झालेल्या लहरींवर 'वेव्हलॅन' उभं केलं. दुकानातली गल्ल्याची यंत्रं वायर न ओढता जोडता यावीत, एवढाच मूळ हेतू. त्याच कंपनीचे व्हिक हेस १९९० पासून दहा वर्षं ८०२.११ या मानकाच्या, म्हणजे आजच्या वाय-फायच्या नियमावलीच्या, समितीचे अध्यक्ष राहिले. १९९७ मध्ये मानक आलं, १९९९ मध्ये त्याची ११ मेगाबिटची आवृत्ती, आणि 'वाय-फाय' हे नावही त्याच सुमाराचं. अलोहापेक्षा इथे शिस्त जास्त: आधी ऐका, हवा शांत असेल तरच बोला, आणि निरोप मिळाला की पलीकडच्याने पोच द्यायची.

दुकानात ही शिस्त पुरते. मैदानावर मात्र तिला तडा जातो. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फोनांना नेटशी जोडणारं वाय-फायचं यंत्र, मधोमध खांबावर आहे असं समजा. पूर्वेच्या टोकाच्या फोनला पश्चिमेच्या टोकाचा फोन ऐकूच येत नाही. दोघांनाही हवा शांत वाटते, दोघं एकदम बोलतात, आणि खांबावरच्या यंत्राला दोन्ही निरोप बिघडलेले मिळतात.

उघड्यावरच्या गर्दीचं नेट प्रत्यक्ष हातांनी घडलं ते युरोपातल्या हॅकर-शिबिरांत, म्हणजे संगणकवेड्या लोकांच्या तंबूंतल्या मेळ्यांत. १९९३ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समधल्या फ्लेव्होलांड प्रांतात तंबूंतले संगणक केबलने जोडून असं एक शिबिर भरलं. तिथे साधारण दर चार वर्षांनी हा मेळा वेगळ्या नावाने भरत आला आहे. १९९९ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळ आल्टलांड्सबर्गला केऑस काँप्युटर क्लब या तिथल्या हॅकरांच्या संघटनेने आपलं शिबिर सुरू केलं. माझ्या मते गर्दीच्या नेटचा सगळ्यात शिकण्यासारखा धडा याच शिबिरांत आहे, आणि तो एका संडासाच्या खोलीत ठेवलेला आहे.

जत्रेत नगरपालिका ज्या प्लॅस्टिकच्या फिरत्या शौचालयाच्या खोल्या ठेवते, तशीच ती खोली. आतलं भांडं काढून टाकलेलं, त्या जागी नेटवर्कचे स्विच, म्हणजे अनेक केबल एकमेकींना जोडणाऱ्या पेट्या. खालून फायबर येते आणि आजूबाजूच्या तंबूंकडे केबल निघतात. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच नीट चालते, म्हणून अशा खोल्या मैदानभर ठरावीक अंतरावर मांडायच्या. पाऊस आत येत नाही, वरून हवा खेळती राहते, दाराला कुलूप लागतं, भाड्याने सहज मिळते आणि उचलून नेता येते. वाय-फायचं यंत्रही तिथेच लावता येतं. जर्मनीत तिला 'डाटेनक्लो' म्हणतात, म्हणजे 'डेटाचा संडास'. या शब्दालाही इतिहास आहे: १९८५ च्या सुमारास याच क्लबने घरगुती मोडेमचा, म्हणजे टेलिफोनवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राचा, नकाशा छापला होता, त्यात टेलिफोनचा रिसीव्हर बसवायला संडासाच्या पाइपाचे रबरी वायसर वापरले होते, आणि त्या मोडेमचं नाव डाटेनक्लोच होतं.

यातून घ्यायचं ते हे, की वायरलेस नेटमधलं बरंचसं काम वायरचं असतं. हवेतून शेवटची तीस-चाळीस मीटरच जायचं, बाकी सगळं जमिनीवरून. आणि प्रत्येक यंत्राने आपल्या आसपासच्या माणसांपुरतंच बोलायचं, तेही हळू आवाजात. गणपतीत शेजारशेजारच्या दोन मंडळांनी स्पीकरचा आवाज चढवत नेला की शेवटी कुणालाच कुणाची आरती ऐकू येत नाही. जास्त पॉवरच्या वाय-फायचं तंतोतंत तेच होतं. त्यात खांबावरच्या यंत्राचा आवाज लांब पोचला, तरी खिशातल्या फोनचा परत तेवढ्या लांब पोचत नाही. दांड्या भरलेल्या आणि निरोप अडकलेला, यामागे हेही एक कारण असतं.

२००७ नंतर खिशाखिशात स्मार्टफोन आले आणि गर्दीचं स्वरूप बदललं. २०१० च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आयफोन ४ दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांच्या हातातल्या फोनवर वेबपान उघडेना. सभागृहात ५७० वाय-फाय स्टेशनं चालू असल्याचं त्यांनीच सांगितलं. ती बहुतेक लोकांनी स्वतः आणलेली खिशातली हॉटस्पॉट होती. लॅपटॉप, हॉटस्पॉट बंद करा अशी विनंती त्यांना मंचावरून करावी लागली. ते बंद सभागृह होतं, पण मैदानावरही हीच गत होते: जो तो आपला हॉटस्पॉट चालू करतो आणि सगळ्यांची हवा अडवतो.

हवा कशी अडते ते थोडं जवळून बघू. प्रत्येक वाय-फाय यंत्र सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव पुकारतं. जुन्यातल्या जुन्या उपकरणालाही कळावं म्हणून हा पुकारा मूळच्या सेटिंगमध्ये सगळ्यात संथ वेगाने, म्हणजे १ मेगाबिटने होतो, आणि एका पुकाऱ्याला सुमारे दोन मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका नावामागे हवेचा दोन टक्के वेळ गेला. एका चॅनलवर, म्हणजे पट्टीतल्या एका वाटेवर, तीस नावं ऐकू येत असतील, तर साठ टक्के वेळ फक्त नावं पुकारण्यात जातो, अजून कुणी एक अक्षरही पाठवलेलं नसताना. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच: १, ६ आणि ११. म्हणून जाणकार माणूस मैदानावर पहिलं काम करतो ते संथ वेग बंद करण्याचं आणि नावं कमी करण्याचं.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. एका कॉलेजच्या मैदानावर सकाळी सगळं सुरळीत चालत होतं, दुपारी एकाएकी नवीन माणसाला जोडताच येईना. सिग्नल उत्तम, चॅनल मोकळं. तासभर अँटेना फिरवत बसलो, आणि दोष निघाला पत्त्यांमध्ये, म्हणजे नेटवर प्रत्येक फोनला मिळणाऱ्या आकड्यांच्या ओळखीत. राऊटरकडे वाटायला २५४ पत्ते होते, आणि एकदा दिलेला पत्ता दिवसभर परत घ्यायचा नाही असं सेटिंग. सकाळी येऊन गेलेल्या फोनांनी पत्ते अडवून ठेवले होते. मुदत अर्ध्या तासावर आणली, पत्ते वाढवले, काम झालं.

तिसरी अडचण माणसाच्या शरीराची. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषतं. रिकाम्या मैदानावर आदल्या दिवशी तपासलेलं नेट गर्दी भरल्यावर आखडतं, ते त्यामुळे. अँटेना उंचावर लावून खाली झुकवणं हा एक उपाय. उलटा उपाय कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा इथल्या लीव्हाइज स्टेडियममध्ये २०१४ मध्ये दिसला: यंत्रं खुर्च्यांखाली बसवली आणि प्रेक्षकांच्या शरीरांनाच भिंती मानलं. सिग्नल थोड्या रांगांपलीकडे फारसा जात नाही, म्हणून तेच चॅनल थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतं. मला ही कल्पना फार आवडते. पुढे वाय-फाय ६ मध्ये एकाच वेळी अनेक फोनांना हवेचे तुकडे वाटून द्यायची सोय आली. या आवृत्तीचं काम सुरूच मुळी दाट गर्दी डोळ्यांसमोर ठेवून झालं होतं.

आता आपल्याकडे. भारतात २.४ गिगाहर्ट्झ उघड्यावर विनापरवाना वापरायला मोकळीक मिळाली ती जानेवारी २००५ मध्ये. त्याच वर्षी धरमशालेत डोंगरउतारांवर छपराछपरांवरून वायरलेस जाळं उभं राहिलं. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा, सगळे मिळून ६०५ मेगाहर्ट्झ, उघड्यावर खुला व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडलं. त्याआधी घराबाहेर त्यातला थोडासाच भाग मोकळा होता.

या तारखा नाशिकच्या सिंहस्थांशेजारी ठेवून बघा. २००३ चा सिंहस्थ पहिल्या मोकळिकीच्याही आधीचा. २०१५ ला हाताशी मुख्यतः ती तीन चॅनलं. उघड्यावर रुंद पट्टा मोकळा असलेला पहिला सिंहस्थ २०२७ चा. मधल्या काळात, जानेवारी २०१६ पासून, मुंबई सेंट्रलपासून सुरुवात करून रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीने आणि गुगलने चारशेच्या वर स्थानकांवर मोफत वाय-फाय दिलं. फलाटावरची गर्दी आणि घाटावरची गर्दी एक नाही, पण गर्दीत लोक काय करतात ते तिथे दिसलं.

घाटावर फायबर आधी लागेल, खांब नंतर. रामकुंडाच्या गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांधकाम. तिथे लहान, हळू आवाजाची पुष्कळ यंत्रं लागतील. चर खणायचे ते गर्दीच्या वाटा सोडून. आणि स्नानाच्या मुख्य पर्वण्या ऐन पावसाळ्यात येतात. गोदेचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीवर मोजतात: पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. स्विचची पेटी घाटावर कुठे बसवायची, हे त्या मारुतीकडे बघून ठरवावं.