पंधरा ग्रॅम साखरेच्या नियमामागचा इतिहास

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर तोंडाने घ्यायची, १५ मिनिटे थांबायचे आणि पुन्हा तपासायचे. इन्सुलिन सुरू करताना रुग्णाला सांगितल्या जाणाऱ्या पहिल्या काही गोष्टींपैकी ही एक. नियम इतका सुटसुटीत आहे की तो कुणीतरी एका बैठकीत ठरवून टाकला असेल असे वाटते. प्रत्यक्षात साखर उतरते हे इन्सुलिनच्या पहिल्या वर्षापासून माहीत होते. ती नेमकी किती उतरली हे घरच्या घरी कळायला त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे गेली आणि शरीराचा इशाराच कसा बंद पडतो हे उमगायला सत्तर.

टोरांटोमध्ये १९२१-२२ च्या हिवाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी काढलेला स्वादुपिंडाचा अर्क, म्हणजेच इन्सुलिन, शुद्ध करण्याचे काम जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाकडे आले. अर्काची ताकद मोजण्यासाठी तो निरोगी सशांना टोचला जाई. जोरकस अर्क मिळालेल्या सशांना आकडी येई आणि ते बेशुद्ध पडत. त्या वेळी त्यांची साखर ४५ च्या आसपास आलेली असे. ग्लुकोज टोचले की काही मिनिटांत ससा सावध होई. इन्सुलिनचे पहिले एकक यावरच बेतले गेले: चोवीस तास उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची साखर या पातळीवर आणणारी मात्रा. म्हणजे आज सिरिंजवर दिसणाऱ्या ‘युनिट’चा उगमच साखर उतरण्यात आहे.

माणसांवर वापर सुरू झाला तेव्हा एका खेपेतला अर्क दुसऱ्या खेपेसारखा नसे. बँटिंगचे वर्गमित्र आणि स्वतः मधुमेही असलेले डॉ. जो गिलख्रिस्ट नव्या खेपा स्वतःवर तपासून पाहत आणि स्वतःला ‘मानवी ससा’ म्हणवून घेत. १९२२ मध्येच टोरांटोच्या फ्लेचर आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी लक्षणांची पहिली पद्धतशीर नोंद केली: अचानक भूक, अस्वस्थता, हात थरथरणे, दरदरून घाम, मग बोलण्यात आणि वागण्यात गोंधळ, शेवटी बेशुद्धी. शंभर वर्षांत या यादीत फारशी भर पडलेली नाही.

ताकदीचा घोळ मात्र वेगळ्या रूपात टिकून राहिला. इन्सुलिन शुद्ध होत गेले तशा मिलिलिटरमागे १०, २०, ४०, ८० एककांच्या बाटल्या आल्या आणि १९७० च्या दशकात १०० एककांची. जिथे ४० आणि १०० दोन्ही मिळतात तिथे आजही जीवघेणी चूक होऊ शकते. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चे इन्सुलिन ‘१०’ च्या खुणेपर्यंत ओढले तर पाव मिलिलिटर, म्हणजे २५ एकके जातात, ठरल्याच्या अडीचपट. काही कारण नसताना साखर एकदम कोसळली तर सर्वांत आधी बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून आकडे जुळतात का ते पाहावे.

निदानाची चौकट १९३० च्या दशकात अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी बांधली, तीही मधुमेहींसाठी नव्हे. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारी गाठ असलेल्यांवर शस्त्रक्रिया करायची की नाही, हे ठरवण्यासाठी त्यांनी तीन अटी घातल्या: लक्षणे दिसणे, त्याच वेळी साखर कमी मोजली जाणे आणि साखर दिल्यावर लक्षणे जाणे. मधुमेहीच्या बाबतीत मधल्या अटीसाठी अडून बसायचे नसते. यंत्र हाताशी नसेल तर साखर द्यावी. तपासणी शोधण्यात गेलेली दहा मिनिटे महागात पडतात, अनाठायी दिलेली १५ ग्रॅम साखर सहसा नाही.

याच दशकात एक विदारक प्रकार सुरू झाला. मानफ्रेड झाकेल यांनी मनोरुग्णांना मुद्दाम इन्सुलिन टोचून बेशुद्ध करण्याचा ‘उपचार’ रूढ केला आणि तो दोनेक दशके अनेक देशांत चालला. रुग्णाला जागे करायला नाकातल्या नळीतून साखरेचे पाणी किंवा शिरेतून ग्लुकोज देत. कोणती लक्षणे कोणत्या क्रमाने येतात आणि बेशुद्धी लांबली की साखर देऊनही काही जण शुद्धीवर येत नाहीत, हे तिथल्या डॉक्टरांनी रोज पाहिले. ते ज्ञान अशा मार्गाने मिळायला नको होते.

दीर्घकाळ टिकणारे प्रोटामाइन इन्सुलिन १९३६ मध्ये हागेडॉर्न यांनी आणले आणि साखर उतरण्याचा चेहराच बदलला. साध्या इन्सुलिनने ती झपाट्याने उतरे आणि घाम-थरथर लगेच जाणवे. नव्या इन्सुलिनने ती संथपणे, बहुधा रात्री उतरू लागली. घामाऐवजी डोकेदुखी, चिडचिड, विचित्र बोलणे, सकाळी जाग न येणे अशी चिन्हे पुढे आली. ओला झालेला उशीचा अभ्रा, भयंकर स्वप्ने, उठल्यावर जड डोके या खुणा घरच्यांना आजही सांगाव्यात, कारण त्या रुग्णापेक्षा शेजारी झोपलेल्याला आधी दिसतात.

मधुमेहाच्या गोळ्यांचा धोका अपघाताने कळला. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल झांबाँ टायफॉइडच्या रुग्णांवर एक नवे सल्फा औषध वापरून पाहत होते. काहींना झटके आले, काही दगावले, आणि कारण निघाले साखर उतरण्याचे. ऑगस्ट लुबातिएर यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापासून साखर उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गोळ्या बाजारात आल्या. त्यातली ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी, त्यात वय झालेले आणि मूत्रपिंड कमजोर, असा मेळ जुळला की साखर दिल्यावर माणूस सावरतो आणि काही तासांनी पुन्हा कोसळतो. म्हणून अशा रुग्णाला ‘बरे वाटतेय’ म्हणून लगेच घरी सोडत नाहीत. किमान चोवीस तास देखरेखीत ठेवतात.

या सगळ्या काळात घरी बसलेल्या रुग्णाजवळ होते काय? लघवीची परीक्षा. बेनेडिक्टचे निळे द्रावण तापवायचे आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते बघायचे. पण साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. द्रावण निळेच राहिले तर रक्तात १५० आहे की ४० हे त्यातून कळायला मार्ग नाही. शिवाय लघवी सांगते ती गेल्या काही तासांची गोष्ट. साखर कमी झाल्याची एकमेव घरगुती तपासणी म्हणजे रुग्णाची स्वतःची जाणीव. १९६० च्या दशकाच्या मध्यात डेक्स्ट्रोस्टिक्सची पट्टी आली: मोठा थेंब रक्त, ६० सेकंद थांबणे, पाण्याने धुणे, रंग जुळवणे. १९७० च्या सुमारास अँटन क्लेमेन्स यांचे रंग वाचणारे यंत्र आले, तेही मुख्यतः दवाखान्यांसाठी. रुग्णांच्या हातात मीटर पडले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस.

आकडे हाती आले तेव्हा साखर किती द्यावी याचेही मोजमाप होऊ लागले. १९८४ च्या एका अभ्यासात ग्लुकोजच्या गोळ्यांपुढे संत्र्याचा रस आणि दूध कमी पडले. १९९३ मध्ये वीथॉप आणि क्रायर या संशोधकांना दिसले की १० ग्रॅम ग्लुकोजने अर्ध्या तासात साखर ६० वरून ९७ पर्यंत चढते, २० ग्रॅमने पाऊण तासात १२० च्या आसपास, आणि तासाभरात ती परत उतरू लागते. आजचा नियम याच मापात बसतो. १० ग्रॅम अपुरे पडू शकतात, २० काहींना जास्त होतात. दहा मिनिटांत पुन्हा तपासले तर साखर अजून पुरती चढलेली नसते आणि माणूस घाबरून आणखी खातो. तासाभराने ती परत उतरते म्हणून पुढचे जेवण लांब असेल तर सावरल्यावर पिष्टमय काहीतरी खावे लागते.

१५ ग्रॅम म्हणजे तीन ते चार सपाट चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा चार ग्रॅमच्या चार ग्लुकोज गोळ्या, किंवा साधारण १५० मिलिलिटर गोड रस वा साधे शीतपेय. ‘डाएट’ पेयात साखर नसते, ते कामाचे नाही. चॉकलेटमधल्या चरबीमुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो. लहान मुलांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.३ ग्रॅम धरतात, म्हणजे २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम. मधुमेहाचे अकार्बोज हे औषध घेणाऱ्याला मात्र नेहमीची साखर चालत नाही. ते औषध साखरेचे विघटनच रोखून धरते, तिथे ग्लुकोजच लागते.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे, ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारे संप्रेरक) असल्यास द्यावे आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी. ग्लुकॅगॉनचे नाव १९२३ चे, शुद्ध स्फटिक १९५३ चे. पाण्यात ते टिकत नसल्यामुळे अनेक दशके भुकटी आणि द्रव ऐनवेळी मिसळून टोचावे लागे, आणि थरथरत्या हातांनी नातेवाईक नेमके तिथेच अडत. २०१९ मध्ये ३ मिलिग्रॅमची नाकात मारायची भुकटी आणि तयार द्रव इंजेक्शन आले. मोठ्यांना इंजेक्शनची मात्रा १ मिलिग्रॅम, असर १० ते १५ मिनिटांत. शुद्धीवर आल्यावर उलटी होऊ शकते, कुशीवर ठेवायचे तेही त्यासाठी. ग्लुकॅगॉन यकृतातला साखरेचा साठा बाहेर काढते. खूप दारू प्यायलेल्या किंवा उपाशी माणसात साठाच नसेल तर ते फुकट जाते. मग शिरेतून ग्लुकोज हाच इलाज. पूर्वी तिथे ५० टक्क्यांचे द्रावण सर्रास वापरत, पण ते शिरेबाहेर सांडले तर ऊती जळतात. म्हणून आता अनेक ठिकाणी १० टक्क्यांचे १५० ते २०० मिलिलिटर देतात.

सर्वांत उशिरा उमगलेली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १९९३ मध्ये १,४४१ मधुमेहींच्या डीसीसीटी या मोठ्या चाचणीचे निकाल आले. काटेकोर नियंत्रणाने डोळे, मूत्रपिंडे वाचतात हे सिद्ध झाले. पण दुसऱ्याची मदत घ्यावी लागण्याइतकी साखर उतरण्याचे प्रसंग तिपटीने वाढले: शंभर रुग्णांमागे वर्षाला १९ ऐवजी ६२. त्याच सुमारास फिलिप क्रायर आणि त्यांचे सहकारी दाखवत होते की दुपारी साखर एकदा उतरली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा उतरताना ॲड्रिनलिन कमी सुटते आणि लक्षणेही कमी जाणवतात. निरोगी माणसात ६५ ते ७० च्या दरम्यान ग्लुकॅगॉन आणि ॲड्रिनलिन सुटतात, ५० ते ५५ वर लक्षणे जाणवतात, त्याखाली मेंदू अडखळतो. वारंवार साखर उतरणाऱ्यात लक्षणांची पातळी खाली सरकते आणि मेंदू आधी थकतो. उलट कायम ३०० च्या घरात असणाऱ्याला ८० वरही घाम फुटतो. हृदयाची बीटा-ब्लॉकर औषधे थरथर आणि धडधड दाबतात, घाम मात्र येतो.

हा बधिरपणा कायमचा नसतो. दोन-तीन आठवडे साखर एकदाही खाली जाऊ दिली नाही तर जाणीव बऱ्याच जणांत परतते, हे १९९३-९४ मध्येच दिसले. ७० चा आकडा २००५ मध्ये अमेरिकन तज्ज्ञगटाने ठरवला तो इशारा म्हणून, मेंदू अडखळण्याआधी हाताशी थोडी फुरसत राहावी म्हणून. ५४ च्या खालचा वेगळा, गंभीर टप्पा पुढे २०१६-१७ मध्ये जोडला गेला.

आता अंगावरचे सेन्सर रात्रीही वाजतात, पण ते त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतात आणि रक्ताच्या काही मिनिटे मागे असतात. साखर खाल्ल्यावर सेन्सर अजून खालीच दाखवत असेल तर बोटातून तपासावे, पुन्हा खात सुटू नये. सेन्सरवर कूस टेकून झोपल्यास तो खोटाच कमी आकडा दाखवतो. स्वयंचलित पंप लावलेल्यांसाठी तर १५ ग्रॅमही जास्त ठरू लागले आहेत. साखर उतरायला लागताच पंपाने इन्सुलिन आधीच थांबवलेले असते, त्यामुळे अशा रुग्णांना अनेकदा ५ ते १० ग्रॅमच सुचवले जातात.