उष्णतास्रोताच्या मिश्रधातू कॅप्सूलला ‘विशेष स्वरूप’ मान्यता: अर्ज कुठे करायचा, काय जोडायचे

प्लुटोनियम-२३८ किंवा अमेरिशियम-२४१ यांच्या क्षयातून वर्षानुवर्षे उष्णता मिळत राहते. सूर्यापासून लांब गेलेल्या यानाची उपकरणे गोठू नयेत म्हणून ती वापरतात. हा पदार्थ इरिडियमच्या किंवा प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या मिश्रधातूच्या कॅप्सूलमध्ये भरतात.

भरलेली कॅप्सूल कुठेही न्यायची तर तिच्या डिझाइनला ‘विशेष स्वरूपाचा किरणोत्सर्गी पदार्थ’ (म्हणजे सहज विखुरणार नाही असा) अशी मान्यता घ्यावी. ए-प्रकारच्या, म्हणजे मर्यादित सक्रियतेसाठीच्या पॅकेजमध्ये अमेरिशियम-२४१ एरवी फक्त ०.००१ टेराबेकरेलपर्यंत चालते (एक टेराबेकरेल म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्षय). मान्यता असेल तर १० टेराबेकरेल. एका ग्रॅम अमेरिशियमचीच सक्रियता सुमारे ०.१२७ टेराबेकरेल भरते, आणि उष्णता मिळते जेमतेम ०.११ वॉट. म्हणजे एका वॉटची कॅप्सूलसुद्धा मान्यतेशिवाय ए-प्रकारात बसत नाही.

पात्रता

वाहतुकीचे नियम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे, एसएसआर-६ (सुधारित आवृत्ती २०१८). कॅप्सूल सीलबंद हवी, तोडल्याशिवाय उघडता येऊ नये आणि तिचे एक तरी माप किमान ५ मिमी असावे. आट्यांचे झाकण इथेच बाद होते. अर्ज डिझाइन ज्या देशातले, तिथल्या सक्षम प्राधिकरणाकडे करायचा. त्या एका देशाची मान्यता पुरते.

चाचण्या

कॅप्सूल ९ मीटरवरून न दबणाऱ्या सपाट पृष्ठभागावर पाडतात. मग ठोका: कॅप्सूल शिशाच्या पत्र्यावर ठेवायची आणि २५ मिमी व्यासाच्या पोलादी दांड्याच्या सपाट टोकाने मारायची. जोर १.४ किलो वजन १ मीटरवरून पडल्याइतका. प्रत्येक ठोक्याला शिशाचा पृष्ठभाग नवा घ्यावा लागतो, आणि जास्तीत जास्त नुकसान होईल अशाच जागी ठोका बसला पाहिजे. ती जागा बहुतेक वेळा वेल्डची असते, त्यातही वर्तुळ पूर्ण करताना वेल्डिंगची ठिणगी (आर्क) जिथे दुसऱ्यांदा फिरते तो टप्पा. तो टाळून मारलेला ठोका म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

उष्णता चाचणीत कॅप्सूल ८०० अंश सेल्सिअसला १० मिनिटे ठेवतात. इरिडियम वितळते सुमारे २४४६ अंशांना, म्हणून ही चाचणी अनेकांना नावापुरती वाटते. तिच्यानंतरची गळती तपासणी मात्र नावापुरती नसते. वाकवण्याची चाचणी फक्त १० सेंमी किंवा जास्त लांब आणि लांबी रुंदीच्या दहापट असलेल्या स्रोतांना लागते. आखूड कॅप्सूलला ती लागू नाही, तसे अर्जात लिहा.

प्रत्येक चाचणीसाठी वेगळा नमुना चालतो. प्रत्येकीनंतर नमुना पाण्यात ठेवतात; पाण्यात उतरलेली सक्रियता २ किलोबेकरेलच्या वर जाता कामा नये. नमुन्यात खरा पदार्थच भरला पाहिजे असे नाही, नकली भरणही चालते. पण मग पाण्यात उतरायला काहीच नसते, तेव्हा आयएसओ ९९७८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे गळती चाचणी करावी.

कागदपत्रे

आतल्या पदार्थाचे सविस्तर वर्णन, विशेषतः त्याची भौतिक व रासायनिक अवस्था; कॅप्सूलच्या डिझाइनचा तपशील; चाचण्यांचे निकाल किंवा गणिती पुरावा; व्यवस्थापन प्रणालीची माहिती; आणि पाठवणीपूर्वी काही करायचे ठरवले असेल तर तेही.

माझा आग्रह मिश्रधातूच्या नोंदींसाठी आहे. चाचणीचा नमुना धातूच्या ज्या ओतणीतला, ज्या वेल्ड पद्धतीने बंद केलेला, तीच माहिती डिझाइनच्या कागदावर दिसली पाहिजे. नकली भरणाचे वजन आणि घनताही खऱ्याच्या शक्य तितकी जवळ हवी, नाहीतर ९ मीटरच्या आघाताला अर्थ उरत नाही. अल्फा क्षयातून आत हेलियम साठतो. वापराच्या वर्षांअखेरचा दाब किती होईल हा हिशोबही जोडा.

मंजूर डिझाइनला ओळखचिन्ह मिळते: देशाची खूण, क्रमांक आणि विशेष स्वरूपासाठी ‘एस’ हे अक्षर. प्रमाणपत्रावर मुदत असते. मिश्रधातू किंवा वेल्ड बदलायचा असेल तर आधी प्राधिकरणाला विचारा. ही मान्यता फक्त वाहतुकीची आहे. प्रक्षेपणाची सुरक्षा परवानगी वेगळी घ्यावी लागते.